‘जायकवाडी किती टक्के?’ विचारणाऱ्यांसाठी थोडं पैठण

जुलै लागला की आपल्या शहरात एकच प्रश्न फिरायला लागतो. टपरीवर, रिक्षात, ऑफिसात, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. "जायकवाडी किती टक्के?" आकडा कळला की कुणी सुस्कारा सोडतो, कुणी कपाळाला आठ्या घालतो आणि विषय संपतो.

त्या टक्क्याच्या काठावर दोन हजार वर्षांहून जुनं एक गाव आहे, ते मात्र आपल्या बोलण्यात येत नाही. आपण पैठणला जातो ते नाथषष्ठीला, पैठणी घ्यायला, पूर्वी उद्यानातली रंगीत कारंजी बघायला. आपल्या नळाचं दुसरं टोक त्या गावाशी आहे हे डोक्यात येत नाही. २४ फेब्रुवारी १९७६ ला या धरणाचं लोकार्पण झालं, त्याला आता पन्नास वर्षं झाली. त्या निमित्तानं पैठणबद्दल चार गोष्टी लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

सुरुवात नावापासून करू. कारण पैठणची सगळी गंमत आणि सगळं दुखणं या नावांत आहे.

जायकवाडी नावाचं गाव पैठणजवळ नाहीच. ते बीड जिल्ह्यात. निजामाच्या राजवटीत गोदावरीवर मोठं धरण बांधायचा विचार झाला तेव्हा जागा ठरली होती ती या जायकवाडीजवळ. पुढे हैदराबाद संस्थान गेलं, भाषावार प्रांतरचना झाली, मराठवाडा महाराष्ट्रात आला. नव्यानं पाहणी झाली आणि धरणाची जागा नदीच्या वरच्या अंगाला शंभरेक किलोमीटर सरकून पैठणला आली. जागा बदलली, फाइलवरचं नाव तेच राहिलं. म्हणजे धरण पैठणचं, नाव बीडच्या गावाचं.

आता उलट बाजू बघा. पैठणी. नाव पैठणचं, पण आज बाजारात जी पैठणी दिसते तिचे बहुतेक माग येवल्याला. पैठणमध्ये विणकर आहेत, शासनाचं पैठणी केंद्रही आहे, पण धंद्याचा पसारा गेला तिकडे. आणि तिसरं म्हणजे आपल्या पंचांगातला शालिवाहन शक. तो पैठणच्या राजानं सुरू केला असं आपण लहानपणापासून ऐकतो. इतिहासकार सांगतात की इ.स. ७८ पासून मोजला जाणारा हा शक मुळात शकांचा, शालिवाहनाचं नाव त्याला कित्येक शतकांनी चिकटलं. म्हणजे पैठणचं नाव आहे तिथे वस्तू दुसऱ्याची किंवा दुसरीकडची, आणि पैठणला जी वस्तू खरोखर आहे तिच्यावर नाव तिसऱ्याचंच!

पण हे गाव नुसत्या नावावर मोठं झालेलं नाही, त्यामागे मोठा व्यवहार होता.

इ.स. च्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ म्हणून ते पुस्तक प्रसिद्ध आहे. त्यात पैठण आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर हे शहर, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर. पैठणहून रंगीत दगड, गोमेदासारखे, गाड्यांत भरून खडतर वाटेनं भडोचला जायचे आणि तिथून जहाजानं पश्चिमेला. पुढच्या शतकात टॉलेमी या भूगोलकारानं पैठणची नोंद केली ती पुळुमावी राजाची राजधानी म्हणून. हा सातवाहन राजा.

याचा पुरावा बघायला परदेशी पुस्तकच हवं असंही नाही. कन्नडच्या पुढे पितळखोऱ्याच्या लेण्यांत खांबांवर कोरलेले लेख आहेत. ‘पतिठाण’चा एक गांधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, मितदेव त्याचं नाव, त्यानं दान दिल्याचा लेख तिथे आहे. आणखी एक दान पतिठाणच्याच संघकाच्या मुलांचं. विचार करा, दोन हजार वर्षांपूर्वी पैठणचा अत्तरवाला सातमाळ्याच्या डोंगरातल्या लेण्याला खांब देतोय. एवढा पैसा त्या गावात होता. आणि ‘गाथासप्तशती’ ज्या हाल राजाच्या नावावर आहे तो सातवाहनच. ती माहाराष्ट्री प्राकृतात आहे, त्या भाषेचा पुढचा धागा आपल्या मराठीपर्यंत येतो.

राजधानी गेली तरी पैठण संपलं नाही. ते विद्वानांचं गाव झालं, दक्षिण काशी. आणि विद्वानांच्या गावाचा जो तोरा असतो तोही आला. कोण शुद्ध, कोण अशुद्ध याचा निकाल पैठणला लागायचा. आळंदीहून ज्ञानेश्वर आणि भावंडं शुद्धिपत्रासाठी इथेच आली. रेड्याच्या तोंडून वेद वदवल्याची जी कथा आहे ती इथल्या नागघाटाची. ज्ञानोबांचं मूळ गाव आपेगाव हे पैठणपासून जवळच, गोदेकाठी. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामीही पैठणला राहिले होते. तेराव्या शतकात मराठीत जी उलथापालथ झाली तिचे दोन्ही मोठे प्रवाह या गावाला शिवून गेले.

मग सोळाव्या शतकात एकनाथ. पैठणचेच. गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर, म्हणजे आपल्या दौलताबादला. नाथांचं एक काम फारसं बोललं जात नाही. शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. तीनशे वर्षांत नकला करताना पाठ बिघडले होते, ते ताडून पाहून नीट केले. आज ज्ञानेश्वरी आपल्यापर्यंत आली त्यात पैठणच्या त्या वाड्यातल्या मेहनतीचा मोठा हिस्सा आहे.

नाथांच्या ज्या कथा लोकांच्या तोंडी आहेत त्या बहुतेक पाण्याच्या आहेत, हे कधी लक्षात आलंय का? काशीची गंगा कावडीनं रामेश्वरला नेताना वाटेत तहानलेलं गाढव दिसलं, ती कावड त्याच्या तोंडात रिकामी केली. गोदेच्या तापल्या वाळवंटात अस्पृश्य मानलेल्या जातीतलं पोर रडत होतं, ते उचलून कडेवर घेतलं. श्रीखंड्याच्या रूपानं प्रत्यक्ष देव नाथांच्या घरचा रांजण कावडीनं भरत होता. कथा खऱ्या की खोट्या हा वाद बाजूला ठेवू. या गावाच्या आठवणीत पाणी म्हणजे आधी तहानलेल्याला द्यायची गोष्ट, एवढं त्यातून कळतं. जलाशयाला ‘नाथसागर’ नाव दिलं ते म्हणूनच जुळून आलं. फक्त हा रांजण कोण भरतं आणि कुणासाठी रिकामा होतो, तो हिशेब आता कथेसारखा सोपा राहिलेला नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. देवगिरी वाढली, मग १६१० मध्ये मलिक अंबरनं खडकी वसवली, तीच पुढे औरंगाबाद झाली. सत्ता, फौजा, पैसा या बाजूला सरकला. पैठण तालुक्याचं गाव होत गेलं. आपलं शहर चारशे वर्षांचं आणि ते दोन हजारांचं, पण जिल्ह्याचं ठिकाण आपण. थोरल्याला धाकट्याच्या दारात कामं घेऊन यावं लागतं, तसं झालं.

आता धरण.

१८ ऑक्टोबर १९६५ ला पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत शास्त्रीजी गेले. १९७६ मध्ये लोकार्पण केलं इंदिरा गांधींनी. तेव्हा मुख्यमंत्री होते शंकरराव चव्हाण. त्यांना आपण नांदेडचे म्हणतो, पण त्यांचा जन्म पैठणचा, १४ जुलै १९२०. पाटबंधाऱ्यांसाठी आयुष्य घातलेल्या माणसाच्या जन्मगावी मराठवाड्यातलं सगळ्यात मोठं धरण झालं.

आकडे एकदा नीट बघू, कारण रोज आपण टक्के बोलतो आणि ते कशाचे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. धरण मातीचं, लांबी दहा किलोमीटरच्या आसपास, दरवाजे २७. पूर्ण पातळी १५२२ फूट. एकूण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर, म्हणजे साधारण १०२ टीएमसी. त्यातला २,१७१ दलघमी, म्हणजे ७६ टीएमसीच्या वर जिवंत साठा आणि उरलेला सुमारे २६ टीएमसी मृतसाठा. आपण जे टक्के म्हणतो ते जिवंत साठ्याचे. जायकवाडी शून्य टक्के म्हणजे कोरडं ठणठणीत नव्हे, तळाशी हे २६ टीएमसी असतं. २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यात आपण मृतसाठ्यावरच जगलो. पाणी उथळ आणि पसरट, साडेतीनशे चौरस किलोमीटरपर्यंत फुगवटा, त्यामुळे उन्हाळ्यात वाफ होऊन जातं तेही खूप.

डावा कालवा २०८ किलोमीटर, जालना-परभणीकडे. उजवा १३२ किलोमीटर, बीडकडे. दुष्काळी मराठवाड्यासाठी हे धरण हवंच होतं. १९७२ ज्यांनी पाहिलंय त्यांच्यापुढे यावर वाद घालायची कुणाची हिंमत होणार नाही.

पण साडेतीनशे चौरस किलोमीटर पाणी म्हणजे पस्तीस हजार हेक्टर जमीन. तीही गोदाकाठची काळीभोर. पैठण, गंगापूर, नेवासा, शेवगाव या तालुक्यांतली शंभराहून जास्त गावं या धरणाच्या पोटात गेली. देवळं गेली, पार गेले, मसणवटा गेला, शिवारातल्या बांधांची नावं गेली. लोक नव्या गावठाणात आले, जमिनीच्या मोबदल्यासाठी कचेऱ्यांत खेटे घालत राहिले. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की उघड्या पडलेल्या गाळात पेरणी होते, तिला गाळपेर म्हणतात. ज्या जमिनीचा बाप मालक होता तिच्यावर मुलानं एका हंगामासाठी परवानगी मागायची, ही गाळपेरीची गोष्ट आहे. धरणग्रस्तांची तिसरी पिढी आता मोठी झाली.

आणि खुद्द पैठण? ते धरणाच्या भिंतीखाली, लगेच खालच्या अंगाला. वर समुद्रासारखं पाणी आणि घाटाला मात्र नदी आपल्या मर्जीनं येत नाही. नाथषष्ठीच्या यात्रेला वारकऱ्यांना स्नान मिळावं म्हणून धरणातून पाणी सोडा अशी मागणी करावी लागते. ज्या गोदेच्या काठानं हे गाव वाढलं, ती गोदा गावाच्या वेशीवर दरवाज्याआड थांबलेली.

दरवाजे उघडले की दुसरी गत. ऑगस्ट २००६ मध्ये धरणातून अडीच लाख क्युसेकच्या आसपास विसर्ग झाला आणि निम्मंअधिक पैठण पाण्यात गेलं. जुन्या वाड्यांच्या भिंती बसल्या, दुकानं वाहून गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा मोठा विसर्ग, पुन्हा सखल भागातल्या लोकांना हलवावं लागलं. मातीच्या धरणाला धोका नको म्हणून पाणी सोडावंच लागतं, ते मान्य. पण "धरण भरलं, जलपूजन झालं" म्हणून आपण इथे पेढ्यांचे फोटो टाकतो, त्याच रात्री खाली पैठणला लोक धान्याची पोती माळ्यावर चढवत असतात.

धरणानं पैठणला काहीच दिलं नाही असं नाही. एमआयडीसी आली, मासेमारी वाढली, भोई-कहार समाजाची कित्येक घरं त्यावर चालतात. १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य झालं, हिवाळ्यात रोहित येतात, बाहेरदेशीची बदकं येतात. ज्ञानेश्वर उद्यान झालं, म्हैसूरच्या वृंदावन गार्डनच्या धर्तीवर. आपल्या पिढीच्या शाळेच्या सहली तिथेच गेल्या. नंतर त्या उद्यानाची रया गेली, आणि घोषणा मात्र दर दोन-तीन वर्षांनी होत राहिल्या.

आता आपल्याकडे येतो.

मलिक अंबरनं शहराला पाणी आणलं ते नहरींनी. डोंगराच्या पायथ्याचं झिरपणारं पाणी खापरी नळांतून उतारानं शहरात. वीज नको, पंप नको. पाणचक्की अजून त्याची साक्ष देत उभी आहे. पुढे हर्सूल तलाव, आणि मग जायकवाडी. पण नाथसागर शहरापेक्षा शंभरेक मीटर खाली, अंतर पन्नास किलोमीटरच्या घरात. म्हणजे आपल्या नळाला येणारा प्रत्येक हंडा पंपानं चढ चढून आलेला असतो. आधी ७०० मिलिमीटरची वाहिनी, मग १४०० ची. दोन्ही जुन्या झाल्या, फुटत राहिल्या. २०२० च्या डिसेंबरमध्ये नव्या योजनेचं भूमिपूजन झालं, अडीच मीटर व्यासाची जलवाहिनी. १,६८० कोटींची योजना पुढे २,७४० कोटींवर गेली.

इथे एक साधं गणित मांडतो. नवी योजना पूर्ण क्षमतेनं चालली तर दिवसाला ३९२ एमएलडी पाणी उचलेल. वर्षाचं ते होतं साधारण पाच टीएमसी. धरणाचा जिवंत साठा ७६ टीएमसीच्या वर. म्हणजे आपल्या सगळ्या शहराची तहान भरलेल्या नाथसागराच्या पंधराव्या हिस्स्याएवढी. तरी वर्षानुवर्षं आपल्याकडे पाणी पाच-सहा, कधी आठ दिवसांनी. धरण शंभर टक्के भरलेलं असतानाही! याचा अर्थ आपली टंचाई नाथसागरातली नाही, पाइपातली आणि कारभारातली आहे. टक्के विचारत बसण्यानं ती जाणार नाही.

वरच्या बाजूचा वाद तर चालूच असतो. नाशिक-नगरची धरणं आधी भरायची की खाली सोडायचं? २००५ च्या कायद्यात समन्यायी वाटपाचं कलम आलं. २०१४ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणानं आदेश दिला, सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो उचलून धरला. ऑक्टोबरच्या मध्यात जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचं, असं ते ढोबळ सूत्र. आता तो आकडा कमी करावा अशी शिफारस झालीय, त्यावरून पुन्हा तापलंय. भांडायला हवंच. वरचा शेतकरीही शेतकरीच आहे, पण नदी एकट्याची नसते, हे कायद्यात लिहिलेलं आहे आणि ते टिकवलं पाहिजे.

फक्त एक गोष्ट. आपण नाशिक-नगरला जे सांगतो, "वरच्यानं खालच्याचा विचार करावा", ते आपल्यालाही लागू आहे. कारण खाम नदी. आपल्या शहरातून निघते, आपलं सांडपाणी, वाळूजकडची घाण घेऊन पुढे जाऊन मिळते कुठे? नाथसागरातच. ज्या रांजणातून आपण पितो त्यातच आपण खरकटं टाकतो. गेल्या काही वर्षांत खामच्या काठावर चांगलं काम झालंय, त्याचं कौतुक आहे. पण सांडपाणी पूर्ण शुद्ध करूनच सोडायचं, हे झाल्याशिवाय आपल्याला वरच्यांना शहाणपण शिकवायचा अधिकार नाही.

मला काय म्हणायचंय ते सरळ सांगतो. धरणाच्या पन्नाशीत भाषणं होतील. त्यात टीएमसी येईल, हेक्टर येईल, कोटी येतील. पैठण हे गाव म्हणून त्यात यावं. धरणग्रस्तांची राहिलेली प्रकरणं नावानिशी जाहीर व्हावीत आणि निकाली निघावीत. विसर्ग किती आणि केव्हा, हे पैठणच्या सखल वस्तीला रात्री दोनच्या भोंग्यानं कळू नये, आधी कळावं. सातवाहनांच्या राजधानीची जी टेकाडं अजून गावात दबलेली आहेत ती घरांखाली जाण्याआधी राखली जावीत. आणि आपल्या महापालिकेनं खामचं पाणी स्वच्छ करून पाठवावं. यातलं एकही काम पाऊस पडायची वाट बघत नाही.

पुढच्या वेळी पैठणला गेलात तर नाथांचं दर्शन झाल्यावर लगेच गाडी वळवू नका. नागघाटावर जा, तीर्थस्तंभ बघा, बाळासाहेब पाटील संग्रहालयात जुनी नाणी, मणी, मातीच्या मूर्ती बघा. मग धरणाच्या बाजूला या आणि त्या पाण्याकडे बघताना त्याच्या तळाशी गावं आहेत एवढं मनात धरा.

शेवटी एक विनंती. हे वाचणाऱ्यांत ज्यांचं, आईचं किंवा आजोळचं गाव नाथसागरात गेलंय, त्यांनी खाली फक्त त्या गावाचं नाव लिहा. बाकी काही लिहिलं नाही तरी चालेल. धरणाचे टक्के तर रोज छापून येतात, या गावांची यादी आपणच करू.

#पैठण #नाथसागर #जायकवाडी #मराठवाडा